भिंतीपलीकडलं गाऱ्हाणं

कुडाळच्या बाजारात आमचं वह्या-पेनांचं दुकान आणि तिरोडकरबाईंचा टायपिंग क्लास यांच्यामध्ये एकच भिंत आहे, आणि तीही अशी की पलीकडे कोणी शिंकलं तर माझ्या दुकानातलं गिऱ्हाईक मागे वळून बघतं. टाइपरायटर होते त्या काळात तर मी गिऱ्हाइकांशी ओरडूनच बोलायचो, आणि ती सवय अंगात इतकी मुरली की अजून बायको म्हणते, मी काय बहिरी आहे का. मी स्वतः त्याच क्लासातून मिनिटाला चाळीस शब्दांच्या स्पीडला नापास झालेला माणूस. बाईंनी तेव्हा माझ्याकडे बघून एवढंच म्हटलं होतं, "अन्या, तुझी बोटां गवारीच्या शेंगांसारखी आसत. दुकानच चालव." मी दुकानच चालवलं, पण तो राग मी मनात ठेवून होतो.

बाई म्हणजे खळ लावलेली सुती साडी, मनगटाच्या आतल्या बाजूला घड्याळ, आणि चष्म्याच्या दोरीला बांधलेलं पांढरं खोडरबर. डिक्टेशन देताना त्यांचं मराठी शासकीय पत्रासारखं शुद्ध असायचं: "उपरोक्त विषयास अनुसरून, स्वल्पविराम." आणि त्याच श्वासात एखाद्या मुलीकडे वळून, "गो बाय माजे, मान सरळ धर, तां काय सोलकढीत मीठ बघतंस?" रागावताना आणि लाडात येताना मालवणी, बाकी सगळं प्रमाण मराठीत. त्यामुळे बाई कुठल्या भाषेत बोलतायत यावरून मी भिंतीच्या अलीकडे बसून क्लासातलं हवामान ओळखायचो. कान तर असे की पाठ करून उभ्या असताना कुणाची करंगळी चुकली ते सांगायच्या.

मग टायपिंगची परीक्षा कॉम्प्युटरवर होऊ लागली. बाजारातल्या सगळ्यांनी ठरवून टाकलं की आता बाईंचा क्लास गेला. बाईंनी टाइपरायटर विकले, एक तेवढा ठेवला, आणि कुठल्याशा बंद पडलेल्या ऑफिसातले जुने कॉम्प्युटर टेम्पोत घालून आणले. नवे घ्यायची ऐपत नव्हती, आणि खरं सांगायचं तर हौसही नव्हती. "नवीन मशीन काय, कोणव चालवीत," त्या म्हणाल्या. बोलणं मोठं झोकात झालं, पण पहिल्याच शनिवारी घात झाला.

टाइपरायटरना दर शनिवारी तेल घालायचं हा बाईंचा वर्षानुवर्षांचा नेम. शिलाई मशीनच्या तेलाची ती लांब चोचीची बाटली घेऊन त्या संध्याकाळी क्लासभर फिरायच्या. कॉम्प्युटर आल्यावर नेम मोडायचं काही कारण त्यांना दिसलं नाही. प्रत्येक कीबोर्डच्या प्रत्येक बटणाच्या फटीत त्यांनी मनापासून तेल सोडलं, आणि वर टाइपरायटरची जुनी कापडी कव्हरं सीपीयूंना घट्ट बांधून टाकली. सोमवारी मुलींनी बटण दाबलं की ते खाली जाऊन तिथेच बसायचं. पडद्यावर "ककककककक" असं लांबलचक पत्र उमटू लागलं, आणि कव्हरात कोंडलेले सीपीयू अर्ध्या तासात तापून एकामागून एक बंद पडले. मेकॅनिक आला. त्याने एका कीबोर्डची बटणं उचकटून आत डोकावलं आणि विचारलं, "बाई, कीबोर्डाक फोडणी घातलात काय?"

दुसरं कोणी असतं तर शरमेने लाल झालं असतं. बाई स्टूल ओढून त्याच्या शेजारी बसल्या. तो काय उघडतो, कुठला स्क्रू कुठे ठेवतो, कशाला हात लावतो आणि कशाला लावत नाही, हे सगळं त्यांनी बघून घेतलं, मध्ये मध्ये त्याला चहा पाजला आणि इतके प्रश्न विचारले की जाताना तो माझ्या दुकानात येऊन पाणी प्यायला. "परीक्षा दिल्यासारख्या वाटला," म्हणाला. त्यानंतर तो क्लासात फार वेळा आला नाही, कारण बोलवायची गरजच पडेना. तेलाची बाटली मात्र बाईंनी टाकली नाही. कुरकुरणाऱ्या पंख्याच्या मधोमध एक थेंब सोडला की पंखा गप्प होतो, हे त्यांचं त्यांनीच शोधून काढलं, आणि "बघ, मशीन म्हटला की तेल लागताच," असं मला भिंतीवर थाप मारून ऐकवलं.

याचा अर्थ त्या चुकायच्या थांबल्या असं नाही. खंडेनवमीला त्यांनी प्रत्येक सीपीयूवर झेंडूची फुलं, हळदकुंकू आणि गूळखोबऱ्याचा प्रसाद ठेवला. चार दिवस सुट्टी. परत येऊन बघतात तर मुंग्यांनी आत संसार थाटलेला. एक एक मशीन उघडून, अंगणात नेऊन, रंगाच्या ब्रशने झाडत बसल्या होत्या. मी सहज म्हटलं, "बाई, प्रसाद पावला म्हणायचा." त्यावर जे मालवणी माझ्या वाट्याला आलं ते मी इथे लिहीत नाही.

बाईंनी प्रत्येक मशीनला सासरच्या माणसांची नावं ठेवली होती. सुरू व्हायला सगळ्यात जास्त वेळ घेणारं ती थोरली जाऊ. आवाज फार करणारा तो मामेसासरा. सगळ्यात चपळ, पण लगेच तापणारी, ती नणंद. एकदा बाईंची खरी नणंद मालवणहून आली होती. बाहेरच्या बाकावर चहा पीत बसली होती, मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. आतून एक मुलगी ओरडली, "बाई, नणंद परत तापली!" नणंदेने कप खाली ठेवला. लगेच दुसरी म्हणाली, "मामेसासरो तर उठणाच नाय!"

मला वाटलं, आता तिरोडकरांच्या घरात महाभारत. पण बाईंनी नणंदेचा हात धरून तिला आत नेलं आणि त्या मशीनपुढे उभं केलं. "ह्यां बघ तुझ्या नावाचा. तापता, पण क्लासातला सगळ्यात चलाख मशीन ह्यांच." नणंद आधी मशीनकडे, मग बाईंकडे बघत राहिली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. पुढे ती फोन केला की आधी विचारायची, "माझा मशीन बरा आसा मा?"

आता गाऱ्हाण्याबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे कुठलंही काम हाती घेताना देवाला हाक घालून गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस बोलतो आणि जमलेले सगळे प्रत्येक वाक्याला "होय म्हाराजा" म्हणून साथ देतात. हे सहसा गावातले पुरुष करतात, देवळात किंवा अंगणात. बाई ते बंद पडलेल्या कॉम्प्युटरपुढे करायच्या. आधी मेन स्विच बंद, वायर काढलेली. मग सीपीयूचं झाकण उघडून, आतली मेमरीची पट्टी काढून, चष्म्याच्या दोरीचं खोडरबर हातात घेऊन त्या सुरू व्हायच्या:

"बा देवा म्हाराजा! आज हंय ह्यां जां मशीन रुसान बसलेला आसा..."

"होय म्हाराजा!" सगळ्या मुली.

"तेका काय खारो वारो लागलो आसात, काय मुंगी-माशी आत गेली आसात, काय माझ्या हातान चूकभूल झाली आसात..."

"होय म्हाराजा!"

"तर तां सगळा बाजूक सार, आणि ह्येका उठान कामाक लागायची बुद्धी दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

आणि तोंडाने हे चालू असताना खोडरबर त्या पट्टीच्या पिवळ्या दातांवरून सावकाश फिरत असायचं. आमच्या हवेत समुद्र आहे. कुठल्याही धातूवर त्याचा थर चढतो, आणि तो खरवडला की निम्मी मशीनं जागी होतात. बाईंना हे माहीत होतं. त्यांच्याकडे शिकून पुढे त्यांच्याच क्लासात शिकवायला लागलेली आरोंद्याची सुषमा एकदा मला म्हणाली, "भाऊ, बाईंका घाई भारी. गाऱ्हाणा नसता तर पट्टी अर्धी पुसून बसवली असती, आणि वायर काढूक पण इसारल्या असत्या. गाऱ्हाणा संपासर हात सावकाश फिरतत, म्हणान काम बरा होता." मला ते पटलं. म्हणून काही मी साथ द्यायला लागलो नाही. भिंतीवर थाप पडायची, "अन्या, तुझो आवाज येवक नाय!" मी वह्यांचे गठ्ठे लावत गप्प. मला चाळीसला नापास करणाऱ्या बाईला मी होकार भरणार नाही, हे माझं ठरलेलं होतं. बाईंनाही ते माहीत होतं, आणि थाप मारायचं त्यांनी एकदाही सोडलं नाही.

मग तो पावसाळा आला. परीक्षेचं सॉफ्टवेअर बदलणार, ते जुन्या मशीनांवर चालणार नाही, आणि गणपतीनंतर तपासणीला माणूस येईल. ज्यांची मशीनं चालणार नाहीत त्यांची मान्यता रद्द, असं सगळ्या क्लासवाल्यांना कळवण्यात आलं. बाईंचा मुलगा नितीन पनवेलला असतो. त्याने फोनवर समजावलं, "आई, बास झालं. भंगारात दे आणि इकडे ये." मुलगा वाईट नाही, आईची काळजीच होती त्याला. पण फोन ठेवल्यावर पलीकडे इतकी शांतता पसरली की मी उठून बघायला गेलो. बाई त्या एकुलत्या टाइपरायटरवरचं कापड काढून नुसत्या बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "अन्या, ह्यो क्लास बंद झालो तर मी सकाळी उठान काय करतलंय? पनवेलीक जावन टीव्ही बघतलंय?" त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "स्कूटर आहे माझी. कुठे जायचं ते सांगा."

आणि खरंच आमची फिरती सुरू झाली. बाईंचा बेत असा होता की नवं घ्यायचं ते फक्त एकच: फिरणाऱ्या जुन्या डिस्कच्या जागी बसणारी ती लहान, चपटी, न फिरणारी डिस्क. थोरली जाऊ म्हातारी नाही, तिच्या पायात जुनी डिस्क अडकली आहे, असं त्यांचं निदान. बाकी मेमरी, पंखे, वायरी, सगळं गावात पडलेल्या मेलेल्या मशीनांमधून काढायचं. याला त्यांनी देहदान असं नाव दिलं. आम्ही एका डॉक्टरांच्या माळ्यावरून एक मशीन आणलं, एका वकिलाच्या पडवीतून एक. काजूच्या कारखान्याच्या ऑफिसातल्या सीपीयूचं झाकण उघडलं तर आत काजूच्या सालींचा भुगा आणि त्यात आरामात बसलेली पाल. मी मागे उडी मारली. बाई पालीला म्हणाल्या, "बाय, तू खाली उतर, मेमरी माका होयी." पाल उतरली. मीही जरा वेळाने पुढे आलो.

सगळ्यांची मेमरी सगळ्यांना बसत नाही. पट्टीच्या खाचा वेगवेगळ्या जागी असतात. टेबलावर पट्ट्या मांडून बाई आणि सुषमा खाच जुळवत बसायच्या, तेव्हा पत्रिका बघायला बसलेल्या दोन मावश्या वाटायच्या. थोरल्या जावेला जुळेल अशी पट्टी काही मिळेना. शेवटी मालवणच्या खऱ्या नणंदेने आपल्या मुलाचा अडगळीतला कॉम्प्युटर एसटीतून पाठवून दिला. त्यातली पट्टी चपखल बसली. "नणंदेन जावेक आयुष्यात पयल्यांदा काय तरी दिल्यान," बाई म्हणाल्या, आणि लगेच नणंदेला फोन करून तिलाही ते ऐकवलं.

तपासणीच्या दिवशी पाऊस कोसळत होता. मशीनांनी ओल धरू नये म्हणून बाईंनी आदल्या दिवसापासूनच टेबलांखाली पिवळे बल्ब लावून ठेवले होते. साहेब आले. तरुण, टापटीप, बोलणं अगदी कार्यालयीन. "प्रत्येक संगणक सुरू करून दाखवावा लागेल." मामेसासरा उठला, नणंद उठली, एकेक मशीन असं झरझर उठत गेलं की मुली एकमेकींना कोपरं मारू लागल्या. थोरल्या जावेवर मात्र काळा पडदा. बाईंनी बटण पुन्हा दाबलं. काही नाही. मी दारात उभा होतो.

"हा संगणक बंद आहे असं मी समजू का?" साहेबांनी विचारलं. एक जरी बंद असेल तर मान्यता नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

"जरा थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी वायर काढली, झाकण उघडलं, पट्टी काढली. खोडरबर हातात घेतलं. साहेबांकडे एकदा बघितलं आणि डोळे मिटले. "बा देवा म्हाराजा! आज हंय ही जी थोरली जाऊ रुसान बसलेली आसा..."

"होय म्हाराजा!" मुली दबक्या आवाजात म्हणाल्या.

"बाई, हे काय चाललंय?" साहेब म्हणाले. बाईंना ऐकूच गेलं नाही.

"तिका काय पावसाची ओल लागली आसात, काय माझ्या हातान पट्टी वाकडी बसली आसात..."

आणि इथे मुलींच्या आवाजात एक जाड आवाज मिसळला. "होय म्हाराजा!" साहेब म्हणून गेले होते. म्हणाले आणि स्वतःच दचकले. कान लाल झाले. नंतर कळलं की त्यांचं आजोळ आचऱ्याच्या बाजूला. लहानपणी ऐकलेलं तोंडातून आपसूक निघालं होतं. एकदा निघाल्यावर मग त्यांनी पुढच्या ओळीलाही साथ दिली, जरा मोकळ्या आवाजात. बाईंनी पट्टी खाचेत बसवली, दोन्ही बाजूंनी टक् टक् आवाज आला. वायर लावली, बटण दाबलं, आणि थोरली जाऊ अशी चटकन उठली की तिच्या आयुष्यात ती इतक्या लवकर कधी उठली नव्हती.

मुलींनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी रुमालाने कपाळ पुसून सही केली आणि पुन्हा शुद्ध मराठीत म्हणाले, "समाधानकारक." बाई खुर्चीत बसल्या आणि रडल्या. मग पदराने डोळे पुसून साहेबांना कांदाभजी खाल्ल्याशिवाय सोडलं नाही. त्या दिवशी त्या भिंतीवर थाप न मारता दुकानातच आल्या. "साहेबान सुद्धा म्हटल्यान. तुझा तोंड शिवलेला आसा काय रे?" मी खोडरबरांचा नवा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि विषय बदलला.

क्लास वाचला, पण बाईंच्या गुडघ्यांनी ऐकलं नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्या ऑपरेशनसाठी पनवेलला गेल्या. चावी सुषमाकडे दिली. रोज दुपारी सुषमाचा फोन वाजायचा, आणि भिंतीपलीकडून मला एकाच बाजूचं संभाषण ऐकू यायचं: "होय बाई, पुसलंय. होय, तेल पंख्याकच घातलंय. नाय बाई, कीबोर्डाक नाय."

दसऱ्याला बाई आल्या. हातात काठी होती, चष्म्याची दोरी तीच, पण तिला खोडरबर नव्हतं. क्लासात मागच्या बाकावर, नव्या मुलींच्या रांगेत त्यांना बसवलं होतं. पूजेआधीच मामेसासरा बंद पडला. सुषमाने मागे वळून बघितलं नाही. वायर काढली, झाकण उघडलं आणि सुरू झाली, "बा देवा म्हाराजा! आज हंय ह्यो जो मामेसासरो रुसान बसलेलो आसा..." मागच्या बाकावरून सगळ्यात मोठा "होय म्हाराजा" बाईंचा होता. मी दारात उभा होतो. सुषमा पुढे म्हणाली, "आणि आमची बाई थंय दूर रवता, तिचे गुडघे बरे कर, आणि तिका थंय करमांदे रे म्हाराजा!"

मुली म्हणाल्या. बाई चष्मा काढून पदराने पुसत बसल्या. नवी, लहानखुरी एक मुलगी त्यांच्याकडे बघत होती. बाईंनी तिचीच मान हाताने सरळ केली आणि पुढे बघ अशी खूण केली. मामेसासरा घरघरत सुरू झाला.

परत जायच्या दिवशी रिक्षा बाजारात थांबवून बाई दुकानाच्या पायरीशी आल्या. "अन्या, येक खोडरबर दी. पांढरा."

"पनवेलला खोडरबर मिळत नाही?"

"मिळता रे. पण ह्यां माझ्या सवयीचा." मग जरा आवाज खाली आणून म्हणाल्या, "नितीनच्या सोसायटीच्या ऑफिसातलो कॉम्प्युटर बंद पडलेलो आसा. ते भंगारात घालतत. मी सांगलंय, हात लावू नको, मी येतंय." डोळ्यांत जुनी चमक होती. काठी रिक्षात टाकून, खोडरबर दोरीला बांधत त्या बसल्या. रिक्षा हलली आणि पुन्हा थांबली. बाईंनी डोकं बाहेर काढलं. "पण थंय 'होय म्हाराजा' म्हणूक कोण नाय रे."

एवढं म्हणाल्या आणि गेल्या. रिक्षाच्या बाहेर हात हलत होता, तो वळणापर्यंत दिसला.

चार-आठ दिवसांनी ऐन दुपारी माझा फोन वाजला. दुकानात शाळेची गर्दी, कुणाला कंपासपेटी हवी, कुणाला पुठ्ठा. फोन कानाला लावला तर कोणी नाव सांगितलं नाही की खुशाली विचारली नाही. मागे लिफ्टचा आवाज, कुणीतरी हिंदीत काही विचारतंय, आणि त्या सगळ्यावरून बाईंचा खणखणीत आवाज आला, "बा देवा म्हाराजा! आज हंय पनवेलीक ह्यो जो सोसायटीचो कॉम्प्युटर रुसान बसलेलो आसा..."

मग त्या थांबल्या. वाट बघत राहिल्या.

मी हातातला पुठ्ठा खाली ठेवला, उभा राहिलो, आणि भिंतीपलीकडच्या मुलींनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हटलं, "होय म्हाराजा!"